वाण ८६०३२, वजन दोनशे चाळीस किलो

साखर कारखान्याच्या दप्तरात शेवटी नोंद झाली ती अशी: मालक निमिष देवस्थळी, राहणार वाई, उसाचा वाण ८६०३२, निव्वळ वजन दोनशे चाळीस किलो, गाळप पूर्ण. म्हणजे विष्णुपंतांच्या ग्लायडरचा रस निघाला, रसाची साखर झाली आणि उरलेला चोथा बॉयलरमध्ये गेला.

हे झालंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ. निमिषही तसंच धरून चालला होता.

तर माधवनगर. बंद पडलेल्या सूतगिरणीचं गोदाम. त्यात नऊ मीटर लांबीचा, दोन चाकांचा, पांढरा डबाबंद ट्रेलर. आणि ट्रेलरच्या आत ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान. पंख काढून बाजूला टेकवलेले, सगळं जुन्या सोलापुरी चादरींत गुंडाळून निजवलेलं. एकतीस वर्षं ते असंच निजलं होतं. दर रविवारी विष्णुपंत येत, ट्रेलरचं मागचं दार उघडत, फडक्यानं पुसत आणि दार लावून घरी जात.

विष्णुपंत म्हणजे निमिषच्या वडिलांचे मामा. घरात सगळे त्यांना पंतमामा म्हणत. वय एकोणऐंशी. गिरणीत यंत्रं सांभाळली आणि सुट्टीच्या दिवशी हे उडवलं. आता गोदाम विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाला तिथं हळद ठेवायची होती. शनिवारपर्यंत जागा रिकामी हवी, असा त्याचा निरोप होता. हळद आणि विमान एकत्र राहू शकत नाही, असं त्याचं म्हणणं. आजवर कुणी तसं ठेवून बघितलेलं नव्हतं, त्यामुळं निमिषनं ते मान्य केलं.

निमिष सव्वीस वर्षांचा. अकरा वेळा दुसऱ्यांच्या ग्लायडरमध्ये बसला होता आणि बाराव्या वेळेची काळजी दोन वर्षं करत होता. काळजी हा त्याचा पूर्णवेळचा धंदा. नोकरी तो त्यातून वेळ काढून करायचा. ग्लायडर वाईला न्यायचं, तिथं मित्राच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं, ही जबाबदारी पंतमामांनी त्याच्यावर टाकली.

"हे दोनशे चौदा वेळा हवेत गेलंय," पंतमामा म्हणाले, "एक ओरखडा नाही. तुला फक्त जमिनीवरून न्यायचंय. रविवारी मी वाईला येतो. पंख लावून उभं कर. डावा डोळा गेलाच, उजवा रजेवर निघालाय. दिसतंय तोवर एकदा जोडलेलं बघायचंय."

निमिष "हो" म्हणाला. त्या "हो"नंतर त्याला तीन रात्री झोप नव्हती.

माधवनगर ते वाई म्हणजे दीडशे किलोमीटरला थोडंच कमी. माणसाला एसटीनं चार तास. ट्रेलरला किती, हे कुणालाच सांगता येईना. पुण्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात ग्लायडर दुसरं आलं असतं. रेल्वेच्या पार्सल खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "नाशवंत आहे का?" निमिष म्हणाला, "माझ्या हातात दिलं तर आहे." त्यानं खिडकी लावून घेतली. मग वडिलांच्या छोट्या गाडीला ट्रेलर जोडून बघितला. गोदामाच्या उतारावर ट्रेलरनंच गाडी मागं ओढत आत नेली. शेवटी निमिषनं इंटरनेटवर परदेशातल्या ग्लायडरवाल्यांच्या चर्चा वाचल्या. त्यात एकाचा सल्ला होता: तिकडंच रिकामी निघालेली गाडी शोधा आणि तिच्या मागं लावा.

तशी गाडी सापडली. तिचं नाव गुंडा.

गुंडाचा ट्रॅक्टर ऊस ओढायचा. चाळिशीचा माणूस, काळजी या विषयाशी त्याची ओळखच नव्हती. "आवं निमिषराव, माझी सासरवाडी वाईच्या पल्याड हाय. हंगाम संपला. बायकू माहेराला गेलीया, तिला आणाय जायचंच हाय. मागं एक डबा लागला काय आन् न लागला काय!"

"वाटेत कुठं थांबायचं नाही ना?"

"कुटं थांबतुय! ही एक शेवटची खेप तेवडी आष्ट्याच्या फुडं कारखान्यावर टाकायची. अर्दा तास."

अर्धा तास. निमिषनं ते वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

गुंडाच्या ट्रॅक्टरमागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या होत्या. ट्रेलर तिसरा. पण ग्लायडरच्या ट्रेलरला पुढं गोळा बसेल अशी लोखंडी वाटी आणि ट्रॉलीच्या मागं खिट्टीचं भोक, दोघांचं जमेना. गुंडानं धुळाला बोलावलं. धुळा वेल्डिंग करायचा. त्यानं चष्मा लावला, वाटी आणि भोक एकमेकांना टेकवलं आणि निमिष "थांबा" म्हणेपर्यंत दोन कांड्या जाळल्या.

"आता भूकंप झाला तरी सुटायचं न्हाई," धुळा म्हणाला.

"आणि वाईला कसं सोडवायचं?"

गुंडानं आणि धुळानं एकमेकांकडं बघितलं. हा प्रश्न खरोखरच नवा होता.

"वाईला बघू की," गुंडा म्हणाला.

गुरुवारी सकाळी ते निघाले. निमिष ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागं तोंड करून बसला, म्हणजे ट्रेलर दिसत राहील. प्रत्येक खड्ड्याला तो दात आवळायचा. दर दहा मिनिटांनी पंतमामांचा फोन.

"कुठं आहेस?"

"तुंगच्या अलीकडं."

"ओरखडा?"

"नाही."

"बरं."

रस्त्यावरच्या लोकांना ट्रेलर बघून आपापलं मत होतं. बहुतेकांना ते पवनचक्कीचं पातं वाटलं. एका बाईंनी फ्रीज समजून किंमत विचारली. आष्ट्यात चहाच्या टपरीवर एक निवृत्त सुभेदार बसले होते. ते उठून उभे राहिले. ट्रेलरकडं बघितलं, निमिषकडं बघितलं, कमरेचा पट्टा नीट केला आणि हळूच म्हणाले, "मी काय बी बघितल्यालं न्हाई. जावा तुमी." तिथून गाव संपेपर्यंत त्यांनी स्वतः पुढं चालत रस्ता मोकळा करून दिला.

कारखान्याच्या गेटवर हलगी वाजत होती. निमिषला बरं वाटलं. त्याला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. मग चारपाच माणसं पळत आली आणि त्यांनी ट्रेलरला हार घातला. एकानं दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले. दुसऱ्यानं गुलाल उधळला, तो ट्रेलरच्या हवेच्या झरोक्यातून आत गेला. निमिषनं रुमालानं झरोका दाबून धरला.

"गुंडाभाऊ, हे काय चाललंय?"

"आवं, आपली शेवटची गाडी! हंगामाची शेवटची गाडी सजवत्यात. दर साली अस्तंय."

"पण शेवटची तुमची ट्रॉली आहे. हा माझा ट्रेलर आहे."

गुंडानं मागं वळून बघितलं. ट्रॅक्टर, ट्रॉली, ट्रॉली, ट्रेलर. त्यानं बोटावर मोजलं. "न्हाई," तो म्हणाला, "शेवटचं तुमचंच हाय."

वजनकाट्यावर गाड्या एकेक करून चढवल्या जात होत्या. काट्याच्या खिडकीत अंकिता नावाची मुलगी होती, समोर संगणक, शेजारी भेळेचा कागद. निमिष पळत खिडकीशी गेला, पण तोवर ट्रेलरची चाकं काट्यावर आली होती आणि यंत्रातून चिठ्ठी बाहेर पडली होती. नऊशे साठ किलो. टोकन शेवटचं.

"मॅडम, हा ऊस नाही."

"मग काय आहे?"

"ग्लायडर. विमान. इंजिन नसलेलं."

अंकितानं पडद्याकडं बघितलं. "वाणाच्या यादीत नाही. ८६०३२ टाकते. सगळे तेच लावतात."

"अहो, पण मला फक्त पलीकडं जायचंय!"

"काट्यावर चढलेलं वाहन रिकामं झाल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. नाहीतर लोक वजन करून ऊस दुसऱ्या कारखान्याला नेतील." तिच्या आवाजात राग नव्हता, हे फार वाईट होतं. "रिकामं करा, परत वजन करा, जावा."

"रिकामं कुठं करायचं?"

तिनं बोटानं दाखवलं. यार्डाच्या टोकाला गव्हाण होती. म्हणजे तो लांबरुंद हौद, ज्यात क्रेन ऊस ओतते आणि खालचा साखळ्यांचा पट्टा तो ऊस दातेरी चाकांकडं नेतो. हौदाजवळ मांडव होता. मांडवात खुर्च्या होत्या. खुर्च्यांसमोर माइक होता. आणि माइकसमोर चेअरमन हंबीरराव उभे होते.

फोन वाजला.

"कुठं आहेस?"

"एका... कार्यक्रमात."

"ओरखडा?"

"अजून नाही," निमिष म्हणाला आणि त्यातला "अजून" त्याला स्वतःलाच ऐकू आला.

ट्रेलर सोडवून बाजूला घ्यावा म्हणून त्यानं गुंडाला गाठलं. गुंडा जोडापाशी वाकला, त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "धुळाचं काम लय भारी अस्तंय."

"गॅस कटर नाही का इथं?"

"हाय की. पर ठिणगी उडंल. आत काय हाय म्हणालात?"

"लाकूड. कापड. वरून रंग."

"मग नगं."

दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या झाल्या आणि सगळी वरात हळूहळू पुढं सरकून ट्रेलर नेमका गव्हाणीसमोर आला. क्रेनवाल्यानं साखळी खाली सोडली. हंबीररावांनी घसा साफ केला.

"सभासद बंधूंनो! आज आपल्या हंगामाची सांगता. शेवटची गाडी कुणाची? वाईच्या एका तरुण शेतकऱ्याची! लांबून आलाय. आणि ऊस आणलाय कशातनं बघा. बंद डब्यातनं! ऊन लागंना, वारा लागंना, वजन घटंना. गेली पंधरा वर्षं मी बंदिस्त ऊस वाहतूक, बंदिस्त ऊस वाहतूक म्हणून सांगतोय. हसत होता तुम्ही. आज हसा!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला पुढं आला. दोघांनी साखळी ट्रेलरच्या पोटाखालून घेतली आणि आकड्यात अडकवली.

क्रेननं ताण घेतला. ट्रेलरचा मागचा भाग वीतभर वर उचलला गेला आणि आत काहीतरी हळूच सरकलं. तो आवाज निमिषनं ऐकला. एकतीस वर्षांचं निजलेलं विमान कुशीवर वळल्यासारखा.

त्यानंतरचं त्यानं ठरवून केलं नाही. तो चाकावर पाय देऊन ट्रेलरच्या छतावर चढला आणि पालथा पडून त्यानं साखळीला मिठी मारली. लोकांना वाटलं, शेतकऱ्याला गहिवरून आलंय. टाळ्या दुप्पट झाल्या. एक म्हातारे डोळे पुसत म्हणाले, "माल असा जपावा लागतो."

"दार उघडा!" निमिष वरून ओरडला. "मागचं दार उघडा आणि बघा!"

गुंडानं दार उघडलं. चादर सरकली आणि पांढऱ्या पंखाचं टोक बाहेर आलं, पातळ, गुळगुळीत, कडेला लाल पट्टा आणि मुळाशी थोडा गुलाल. हलगी थांबली.

हंबीरराव माइक हातात घेऊनच जवळ आले. त्यांनी वाकून आत बघितलं. मग निमिषकडं बघितलं. माइक चालू होता, त्यामुळं त्यांचा श्वास सगळ्या यार्डात ऐकू येत होता. त्यांनी माइक पोटाशी दाबून विचारलं, "ह्यो कुठला वाण म्हणायचा?"

"साहेब, हे विमान आहे. माझ्या पंतमामांचं. रविवारपर्यंत ते त्यांना जोडून दाखवायचंय. त्यांचा डोळा जातोय."

हंबीरराव वाईट माणूस नव्हते. पण आत्ताच त्यांनी पंधरा वर्षांचा हिशेब हजार लोकांसमोर चुकता केला होता. ते म्हणाले, "बाळा, मी पेपरवाल्यांना बोलावलंय."

तेवढ्यात अंकिता खिडकी सोडून आली. ती चेअरमनच्या कानाशी लागली, मग निमिषकडं वळली. "गाळप झालं असं लिहून टाकते. साहेब ट्रॉलीच्या तळाशी राहिलेली एक मोळी गव्हाणीत टाकतील, फोटो निघेल, सांगता होईल. तुमचं सामान तुमच्यापाशी राहील."

निमिषला ती त्या क्षणी देवमाणूस वाटली.

"निव्वळ वजन किती टाकू?"

इथं निमिषनं काहीही सांगायला हवं होतं. पण त्याच्या घरात खरं बोलायची खोड होती. "ग्लायडर दोनशे चाळीस किलो," तो म्हणाला.

हंबीररावांनी मोळी टाकली. फोटो निघाला. हलगी सुरू झाली. हंबीररावांनी अंकिताच्या संगणकावर एक बटण दाबलं, ज्यावर "हंगाम बंद" असं लिहिलं होतं, आणि त्याचाही फोटो निघाला. साखळी काढली गेली. निमिषनं पंख आत ढकलला, दार लावलं, दारावर कपाळ टेकवलं.

मग ते बाहेर पडायला काट्यावर आले. नऊशे साठ किलो.

"सातशे वीस यायला पाहिजे," अंकिता म्हणाली. "दोनशे चाळीस गाळलेत तुमचे."

"पण ते तुम्हीच... ते आतच आहेत ना!"

"मला माहिताय. यंत्राला माहीत नाही. वाहन रिकामं नाही म्हणतंय, गेटपास देईना." तिनं तीन कळा दाबून बघितल्या. "आणि हंगाम बंद झालाय. दुरुस्तीची खिडकी नोव्हेंबरात उघडेल."

गेटवरचे वॉचमन जोतिबा आत आले. सैन्यात अठरा वर्षं काढलेला माणूस. त्यांनी पावती उलटसुलट वाचली. "ह्या कागदावर तुमचं इमान हितं न्हाईच, सायेब. ज्ये न्हाईच त्ये मी भायेर सोडू कसं?"

निमिष हंबीररावांना शोधायला धावला. ते पेपरवाल्यांबरोबर जेवायला गेले होते.

संध्याकाळपर्यंत गुंडानं हातकरवतीनं धुळाचं वेल्डिंग कापलं. चार पाती मोडली. मग तो निमिषसमोर उभा राहिला, टोपी काढून डोकं खाजवत. "माझं मन निगंना बगा. पर तिकडं बायकू वाट बगतीया. मी थांबून इमान उडत अस्तं तर थांबलो अस्तो." तो गेला. रिकाम्या यार्डात, पाचोळ्यावर, केळीच्या खुंटांसकट ट्रेलर उरला.

फोन वाजला. निमिषनं तो या वेळी बराच वेळ वाजू दिला.

"कुठं आहेस?"

"पंतमामा," निमिष म्हणाला, "त्याचं गाळप झालं."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग: "गव्हाणीत?"

"कागदावर."

"कागदावर ओरखडा चालतो," पंतमामा म्हणाले. "तू तिथंच थांब. वाईपेक्षा मला ते जवळ पडेल."

रविवारी सकाळी ते एसटीनं आले, खांद्याला पिशवी, पिशवीत फडकं. गेटवर जोतिबांनी त्यांना विचारलं, "कुणाकडं?" ते म्हणाले, "उसाकडं." जोतिबांनी सलाम केला.

हंगाम संपला की कारखान्याच्या यार्डाएवढी सपाट, मोकळी जागा पंचक्रोशीत दुसरी नसते. वाईच्या शेडमध्ये एक पंख मावला असता. इथं दहा ग्लायडर मावली असती. जोतिबा, अंकिता, क्रेनवाला आणि निमिष अशा चौघांनी मिळून ते बाहेर काढलं. पंतमामा पिशवीवर बसून सांगत होते, आणि निमिषच्या हातून खिट्टी तीनदा खाली पडली. मग डावा पंख बसला. मग उजवा. मग शेपटी.

पंतमामा उठले. उजवा डोळा कापडापासून चार बोटांवर धरून त्यांनी सगळं ग्लायडर चालून वाचलं, नाकापासून शेपटीपर्यंत आणि परत. निमिष त्यांच्या मागून चालत होता. पंखाच्या मुळाशी ते थांबले.

"हे काय?"

"गुलाल."

त्यांनी फडकं काढलं, मग परत पिशवीत ठेवलं. "राहू दे."

मग ते आत बसले आणि काचेचं झाकण लावून घ्यायला सांगितलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली. आत ते हलत नव्हते. निमिषनं अंकिताकडं बघितलं, अंकितानं जोतिबांकडं, जोतिबांनी टोपी काढली. निमिषनं काचेवर बोटानं टकटक केली.

झाकण उघडलं. "काय रे? वारा बघत होतो. पश्चिमेचा आहे, बरा आहे." त्यांनी गेटकडं मान वळवली. "ते गेट उघडत नाही म्हणतोस?"

"नोव्हेंबरपर्यंत नाही."

"मग हे आता परत खोलायचं नाही. कागद आण."

निमिषनं वही काढली. "अर्धा तास" लिहिलेलं पान उलटलं. पंतमामा आत बसूनच सांगत गेले, निमिष पंखाला न टेकता, पंखाच्या सावलीत उभा राहून लिहीत गेला.

"प्रति, मा. कार्यकारी संचालक. विषय: गाळप झालेला ऊस हवाई मार्गानं बाहेर नेण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, माझ्या मालकीचा ऊस, वाण ८६०३२, वजन दोनशे चाळीस किलो, दिनांक गुरुवार रोजी आपल्या कारखान्यात रीतसर गाळला गेला असून तो सध्या यार्डात पंख लावून उभा आहे. सदर उसास गेटपास मिळू शकत नाही, हे मला मान्य आहे. तथापि आपल्या नियमावलीत गेटच्या वरील भागाचा कोठेही उल्लेख आढळत नाही. तरी सदर ऊस गेटच्या वरून बाहेर नेण्यास परवानगी द्यावी. त्यासाठी कारखान्याचा एक ट्रॅक्टर, चारशे मीटर दोर आणि पश्चिमेचा वारा उपलब्ध करून द्यावा. तसेच पश्चिमेकडील संरक्षक भिंत व तिच्यामागील चिमणी उड्डाणापुरती, म्हणजे साधारण दीड मिनिटासाठी, बाजूला घेण्यात यावी, ही नम्र विनंती."